'फिट' : एका इंग्रजी शब्दाचा मराठी संसार

प्रस्तावना

परभाषेतून आलेल्या शब्दांची चर्चा मराठीत बहुधा शुद्धतेच्या अंगाने होते. शब्द घ्यावा की घेऊ नये, त्याला पर्याय कोणता, तो ऱ्हस्व लिहावा की दीर्घ, एवढ्यावर ती थांबते. शब्द रुळल्यानंतर तो कोणकोणती कामे करू लागतो आणि त्या कामांचे परिणाम कोणाला भोगावे लागतात, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात 'फिट' या शब्दाचा या दृष्टीने विचार केला आहे. योग्य, जुळणारा, मापात बसणारा, धडधाकट, पात्र हे त्याचे अर्थ सर्वपरिचित आहेत. विवेचनासाठी खेड तालुक्यातील महाळुंगे आणि त्याच्या भोवतीचा चाकण औद्योगिक पट्टा डोळ्यांसमोर ठेवला आहे. कारण या शब्दाचे जवळजवळ सर्व अर्थ तेथे एकाच दिवसात, एकाच माणसाच्या बाबतीत वापरले जाणे सहज शक्य आहे.

चाकण-तळेगाव रस्त्यालगतचे हे गाव महाळुंगे इंगळे या नावानेही ओळखले जाते. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ मध्ये याच गावाच्या परिसरात सुरू झाला. २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने चाकण पट्ट्यात आले आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांची दाटी झाली. (पुणे शहराला लागून, बालेवाडीजवळ, याच नावाचे दुसरे गाव आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल त्या बाजूला आहे. तेथे 'फिट' म्हटले की खेळाडूचे शरीर आठवते; चाकणच्या महाळुंग्यात आधी बेअरिंग आठवते.)

एक उच्चार, तीन शब्द

मराठी बोलणाऱ्याच्या कानावर पडणारा 'फिट' हा वस्तुतः एक शब्द नाही. इंग्रजीतच तेथे दोन वेगळे शब्द एकत्र आले आहेत. योग्य, जुळणारा या अर्थाच्या विशेषणाचे मूळ कोशकारांना निश्चित सांगता आलेले नाही. आकडी, झटका या अर्थाचा शब्द मात्र जुन्या इंग्रजीतील वेगळ्या शब्दाशी जोडला जातो आणि रोगाच्या झटक्यासाठी त्याचा वापर सोळाव्या शतकापासून आढळतो. मराठीने दोन्ही घेतले. 'त्याला फिट आली' म्हणजे फेफरे आले आणि 'तो फिट आहे' म्हणजे तो ठणठणीत आहे. काही जण पहिला शब्द 'फीट' असा दीर्घ लिहून भेद राखतात, परंतु हा संकेत सर्वत्र पाळला जात नाही, आणि बोलण्यात तर भेद क्रियापदावरूनच ओळखावा लागतो. फिट 'येते' तेव्हा माणूस कोसळतो. माणूस फिट 'असतो' तेव्हा तो उभा असतो.

तिसरा शब्द अस्सल मराठी आहे. 'फिटणे' हे क्रियापद इंग्रजांच्या कितीतरी आधीचे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'भ्रंश्' या धातूच्या जागी येणारी जी रूपे दिली आहेत, त्यांत 'फिट्ट' आहे. त्याच्याच पंगतीला 'फुट्ट', 'चुक्क' आणि 'भुल्ल' हेही आहेत. फुटणे, चुकणे, भुलणे यांच्या या भावंडाचा मूळ अर्थ सुटणे, ढळणे, जागेवरून निसटणे असा आहे. म्हणून लुगडे फिटते, कर्ज फिटते, पांग फिटतात, डोळ्यांचे पारणे फिटते आणि देणेघेणे चुकते झाले की व्यवहाराची फिटंफाट होते.

येथे एक गमतीदार विरोध उभा राहतो. इंग्रजी 'फिट' घट्ट बसवतो, मराठी 'फिटणे' सोडवते. 'नट फिट झाला' आणि 'कर्ज फिटले' या दोन वाक्यांत उच्चार जवळचा असला तरी एकात बंधन पडते आणि दुसऱ्यात ते सुटते. तरीही सामान्य बोलणाऱ्याचा गोंधळ होत नाही. पंखा 'फिट करणे', नळाचे 'फिटिंग', सदऱ्याची 'फिटिंग', एखादी गोष्ट डोक्यात 'फिट बसणे', हे सर्व प्रयोग 'करणे', 'होणे', 'बसणे' या साहाय्यक क्रियापदांच्या आधाराने आले आणि 'फिटणे' आपल्या जागी राहिले. भाषा इतक्या सहजपणे जो तिढा सोडवते तो कागदपत्रांना मात्र सुटत नाही, हे पुढे दिसेल.

धातूच्या जगातील अर्थ

कारखान्यात या शब्दाला सर्वांत काटेकोर अर्थ आहे, म्हणून त्याच्याकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मराठी व्यवहारात 'फिटर' या व्यवसायाला 'जोडारी' असे नाव आहे, जसे टर्नरला 'कातारी' आणि वेल्डरला 'संधाता'. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला तरुण स्वतःची ओळख मात्र 'फिटर' अशीच करून देतो. 'जोडारी' हा शब्द चांगला घडवलेला आहे, परंतु तो प्रवेशाच्या यादीतून कारखान्याच्या फाटकातून आत गेला नाही. फाटकाच्या आत जोडणीला 'असेंब्ली' म्हणतात आणि बसण्याच्या दर्जाला 'फिट'.

अभियांत्रिकीत 'फिट' हा एकट्या भागाचा गुण नसतो. दोन भाग एकमेकांत बसवायचे असतील, तर त्यांच्या मापांतील फरकातून जो संबंध निर्माण होतो, त्याला 'फिट' म्हणतात. उदाहरणादाखल २५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र आणि त्यात जाणारा शाफ्ट घेऊ. भारतीय मानक ९१९ आणि त्याला आधारभूत असलेली आंतरराष्ट्रीय पद्धती यांनुसार छिद्रासाठी 'एच ७' ही श्रेणी घेतली, तर छिद्राचा व्यास २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर यांच्या दरम्यान कोठेही चालतो. शाफ्ट 'जी ६' श्रेणीचा असेल, तर तो २४.९८० ते २४.९९३ मिलिमीटर असतो. म्हणजे शाफ्ट नेहमीच छिद्रापेक्षा कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉनने बारीक राहतो आणि तेलाच्या थरावर मोकळेपणाने फिरतो. याला 'क्लिअरन्स फिट' म्हणतात. त्याच छिद्रात 'पी ६' श्रेणीचा, म्हणजे २५.०२२ ते २५.०३५ मिलिमीटरचा शाफ्ट घातला, तर तो छिद्रापेक्षा नेहमीच मोठा ठरतो. प्रेसखाली दाबून किंवा भाग तापवूनच तो आत जातो आणि मग निघत नाही. हा 'इंटरफिअरन्स फिट'. या दोहोंच्या मध्ये 'के ६' सारखा 'ट्रान्झिशन फिट' येतो, ज्यात एखादी जोडी किंचित सैल निघते तर एखादी किंचित घट्ट.

या व्यवस्थेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, सैल बसणे हाही 'फिट' आहे. घट्ट म्हणजे चांगला आणि सैल म्हणजे वाईट, असे येथे नाही. फिरणाऱ्या शाफ्टला घट्ट बसवणे हीच चूक ठरेल. दोन, कोणतेही माप एका आकड्याचे नसते, ते दोन मर्यादांमधले असते. छिद्र तपासणाऱ्या गेजची एक बाजू 'गो' आणि दुसरी 'नो-गो' असते. पहिली छिद्रात गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. अचूक २५ मिलिमीटर कोणी मागत नाही, कारण ते तयार करणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. किती चूक चालेल हे आधीच लिहून ठेवणे, हाच या शास्त्राचा गाभा आहे.

हे ज्ञान केवळ यंत्रयुगाबरोबर आले असे समजण्याचे कारण नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवणारा लोहार चाकाच्या घेरापेक्षा धाव थोडी लहान ठेवत असे. ती आगीत लाल करून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. आवळताना ती आरे आणि घेर यांना असे जखडते की खिळ्याची गरज उरू नये. आजच्या भाषेत हा 'श्रिंक फिट' होय. त्याच गाडीच्या आसावर मात्र चाक सैल ठेवून वंगण घालावे लागे. एकाच चाकाच्या बाहेरच्या कडेला घट्ट आणि आतल्या बाजूला सैल, हा विवेक खेड तालुक्यातील सुतार-लोहारांना कोणत्याही मानकाशिवाय होता. उन्हाळ्यात लाकूड वाळले की धाव सैल पडते, हेही त्यांना ठाऊक होते. म्हणजे आज नीट बसलेले पुढच्या ऋतूत तसेच राहील असे त्यांनी गृहीत धरले नव्हते.

माणसाच्या बाबतीत

हाच शब्द माणसाला लावला जातो तेव्हा त्याची रचना बदलते. भरतीच्या वेळी उमेदवाराचे 'मेडिकल' होते. उंची, वजन, रक्तदाब, दृष्टी, रंगदृष्टी, श्रवण, रक्त व लघवी, कोठे छातीचा एक्स-रे, उंचावरील कामासाठी भोवळीची तपासणी, अशा पायऱ्या संपल्या की चिठ्ठीवर एक शब्द उमटतो : 'फिट' किंवा 'अनफिट'. आजारपणाच्या रजेनंतर कामावर परत घेण्यासाठीही हाच दाखला मागितला जातो. 'डॉक्टरकडून फिट आण' असे कामगाराला सांगितले जाते. येथे शब्द विशेषण राहिलेला नाही. तो आणण्याची, दाखवण्याची, हरवू शकणारी वस्तू झाला आहे.

कशासाठी फिट, हे बहुधा त्या चिठ्ठीवर नसते. शाफ्ट 'पी ६' आहे एवढे कळले तरी तो कोणत्या छिद्रात जायचा हे आराखड्यात दिलेले असते. माणसाच्या चिठ्ठीत शाफ्ट आहे, छिद्र नाही. कामाचे वजन किती, पाळी कोणती, उभे किती तास राहायचे, आवाज किती, उष्णता किती, यांतले काहीच न लिहिता 'अनफिट' हा शिक्का पडला, की तो एका कामापुरता न राहता माणसाच्या नावाला चिकटतो. रंग ओळखण्यात उणीव असलेल्या तरुणाला रंगीत तारांच्या जोडणीचे काम देऊ नये हे योग्यच आहे. पण त्याच उणिवेमुळे त्याला पॅकिंगच्या कामापासून दूर ठेवले, तर ती अयोग्यता त्याची नसून चिठ्ठीची म्हटली पाहिजे. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत हे अधिक गंभीर होते, कारण एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे जाताना त्याच्याबरोबर कारण जात नाही, शब्द जातो.

वाहनांच्या बाबतीत परिस्थिती थोडी बरी आहे, ही या विषयातील एक विसंगती. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार परिवहन वाहनाला योग्यता प्रमाणपत्र लागते आणि ते नसल्यास वाहनाची नोंदणी वैध मानली जात नाही. लोक त्याला 'पासिंग' म्हणतात. चाकणच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या 'एमएच-१४' क्रमांकाच्या टेम्पोचे ब्रेक, दिवे, टायर, सुकाणू यांची तपासणी होते; दोष सापडला तर तो दुरुस्त करून टेम्पो पुन्हा तपासणीला नेता येतो. टेम्पोत काय बिघडले हे सांगितले जाते. माणसात काय बिघडले हे त्याला प्रत्येक वेळी सांगितले जातेच असे नाही.

फिट येणारा आणि फिट नसणारा

पूर्वी उल्लेखिलेले दोन इंग्रजी समोच्चारी शब्द अपस्माराच्या रुग्णाच्या आयुष्यात एकमेकांवर आदळतात. 'फिट येते म्हणून फिट नाही', हे वाक्य मराठीत विनोदासारखे वाटते, पण ज्याच्याविषयी ते उच्चारले जाते त्याची नोकरी त्यात जाते. वाहन चालवणे, उंचावर किंवा फिरत्या यंत्राशेजारी एकट्याने काम करणे, यांत आकडीचा धोका खराच आहे. वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या स्वयंघोषणेत अपस्माराविषयी प्रश्न असतो तो त्यासाठीच. परंतु औषधोपचाराने बहुसंख्य रुग्णांच्या आकड्या आटोक्यात राहू शकतात, आणि मोजमाप, नोंदी, साठवण अशी कितीतरी कामे या धोक्याच्या बाहेरची आहेत. सरसकट नकाराचा व्यवहारातील परिणाम एकच होतो : रुग्ण आजार लपवतो आणि खरोखर धोक्याच्या जागी उभा राहतो.

कायद्यानेही हा गोंधळ दीर्घकाळ जपला होता. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ५ मध्ये विवाहास अयोग्य ठरविणाऱ्या मानसिक अवस्थांच्या बरोबरीने वारंवार येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांचाही उल्लेख होता. १९९९ च्या दुरुस्तीने 'अपस्मार' हा शब्द तेथून वगळण्यात आला. कायद्यातून शब्द गेला, सोयरिकीच्या बोलण्यातून तो तितक्या लवकर जाणार नाही हे उघड आहे.

'बळी तो कान पिळी' हा गैरसमज

माणसाला लावलेल्या 'फिट'मधून दुसरा घटक कसा गळून पडतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जीवशास्त्रातले आहे. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हा शब्दप्रयोग चार्ल्स डार्विनचा नव्हे. हर्बर्ट स्पेन्सरने तो १८६४ मध्ये वापरला आणि डार्विनने 'ओरिजिन'च्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत तो स्वीकारला. तेथे 'फिटेस्ट' म्हणजे त्या परिस्थितीला सर्वाधिक जुळणारा जीव. तो बलवान असेलच असे नाही. दुष्काळात कमी खाणारा, थंडीत दाट केसांचा, अंधाऱ्या गुहेत तर डोळे गमावलेलाही 'फिट' ठरतो. परिस्थिती पालटली की तोच जीव अयोग्य होतो. मराठीत मात्र या तत्त्वाचा भावार्थ अनेकदा 'बळी तो कान पिळी' असा सांगितला जातो. हे भाषांतर नव्हे, विपर्यास आहे. त्यात परिस्थिती नाहीशी होऊन केवळ शक्ती उरते, आणि दुर्बल मागे पडतो तो निसर्गनियमानेच, असे म्हणण्याची सोय होते. 'तंदुरुस्त' या फारसी वळणाच्या शब्दातही शरीरच आहे, परिस्थिती नाही. उलट 'योग्य' हा संस्कृत शब्द 'युज्' म्हणजे जोडणे या धातूपासून आलेला असल्यामुळे त्याच्या पोटात जोडणीची कल्पना शिल्लक आहे. 'जोडारी'ला तो जवळचा नातेवाईक ठरावा.

कामाला माणूस की माणसाला काम

दोन भाग जुळत नसतील तर कोणता घासायचा, हा जोडाऱ्याचा रोजचा प्रश्न. फ्रेडरिक टेलरने १९११ मध्ये मांडलेल्या शास्त्रीय व्यवस्थापनात कामाची पद्धत आधी ठरवून तिला साजेसा माणूस निवडण्यावर भर होता. एटिएन ग्रांजाँ या स्विस शास्त्रज्ञाच्या ग्रंथाचे नावच याच्या उलट, काम माणसाला बसवावे, असे सांगणारे आहे. टेबलाची उंची, पेटीचे वजन, हत्याराची मूठ, विश्रांतीचा काळ हे बदलता येतात; कण्याची लांबी बदलता येत नाही. असेंब्ली लाइनवर ठेंगण्या कामगाराच्या पायाखाली लाकडी फळी ठेवली जाते तेव्हा हेच तत्त्व कोणताही ग्रंथ न वाचता अमलात येते.

ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०१० पासून आजारपणाच्या जुन्या दाखल्याऐवजी 'फिट नोट' सुरू झाली. तिच्यावर डॉक्टरला 'कामास योग्य नाही' याशिवाय 'पुढील सल्ला पाळल्यास कामास योग्य असू शकेल' असाही पर्याय आहे, आणि त्याखाली टप्प्याटप्प्याने रुजू होणे, कामाच्या वेळा बदलणे, काम बदलणे, कामाच्या जागेत फेरफार करणे असे चार प्रकार सुचवलेले आहेत. म्हणजे सैल आणि घट्ट यांच्यामधल्या 'ट्रान्झिशन फिट'ला चिठ्ठीवर जागा मिळाली. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने 'वाजवी सोय' ही कल्पना आणली आणि नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढून न टाकता त्याच वेतनावर जुळणाऱ्या दुसऱ्या पदावर नेण्याचे बंधन घातले. ते बंधन मात्र शासकीय आस्थापनांवर आहे. चाकण पट्ट्यातील खासगी कारखान्यात प्रेसखाली बोटे गमावलेल्या कामगाराला त्याचा आधार मिळत नाही.

तथापि काय लिहावे याचा नमुना आपल्याकडे फार पूर्वीच तयार होता. कारखाने अधिनियम, १९४८ ची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० ने घेतली असली, तरी त्या जुन्या अधिनियमाचे कलम ६९ आजही वाचण्यासारखे आहे. ते अल्पवयीन कामगारांच्या योग्यता प्रमाणपत्रापुरते होते. प्रमाणपत्र १२ महिनेच वैध असे. कोणत्या प्रकारच्या कामासाठी ते आहे, याची अट त्यात घालता येत असे आणि मुदतीपूर्वी फेरतपासणीही सांगता येत असे. त्याचे शुल्क कारखान्याच्या भोगवटादाराने भरायचे होते. ते त्या मुलाकडून किंवा त्याच्या पालकांकडून वसूल करण्यास मनाई होती. आणि प्रमाणक शल्यचिकित्सकाने प्रमाणपत्र नाकारले, तर ज्याला ते मागण्याचा अधिकार होता त्याने विचारल्यावर नकाराची कारणे त्याला लेखी देणे बंधनकारक होते.